कोयता निघण्याआधी: ऊसतोड कुटुंबातल्या मुलांसाठी गावाने करायची कामं

दसरा-दिवाळीच्या सुमारास शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या बीड जिल्ह्यातल्या तालुक्यांतून आणि शेजारच्या पाथर्डीतून ऊसतोड मजुरांचे ट्रक-ट्रॅक्टर भरून निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, पार बेळगावपर्यंत. मार्च-एप्रिलपर्यंत कितीतरी वाड्या-तांड्यांवर फक्त म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. काही पोरं आईबापाबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात जातात. या काळात मुलांच्या बाबतीत जे बिघडतं, म्हणजे शाळा सुटणं, मार, उपासमार, लैंगिक छळ, चौदाव्या-पंधराव्या वर्षी उरकलेलं लग्न, ते जानेवारी-फेब्रुवारीत उघडकीला येतं. त्यावर इलाज करायची वेळ मात्र ऑगस्टमध्येच निघून गेलेली असते.

म्हणून हा लेख ऑगस्टपासून सुरू होतो. तो सरपंच, अंगणवाडी सेविका, आशाताई, शिक्षक, पोलीस पाटील यांच्यासाठी आहे. गावात मागे राहिलेल्या चुलत्या-मावश्यांसाठीही आहे, कारण प्रत्यक्षात पोरांकडे बघतं ते हेच लोक.

एक गोष्ट आधी स्पष्ट करून घेऊ. पहाटे ३ वाजता नवरा-बायको फडात जातात आणि तान्हं बाळ सहा वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात कोपीत, म्हणजे तळावरच्या पाचटाच्या झोपडीत राहतं. हे बाळाकडे दुर्लक्ष आहे का? बाळाच्या बाजूने पाहिलं तर आहेच. पण त्या आईला रागावून काय होणार? नवरा-बायको मिळून एक कोयता (तोडणीची जोडी), उचल (आगाऊ मजुरी) आधीच घेऊन खर्च झालेली, आणि एक दिवस चुकला तर मुकादम खाडा (गैरहजेरीचे पैसे) कापणार. तिच्याकडे दुसरा हात नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ मध्ये मुलाला क्रूरपणे वागवणाऱ्यांना ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. त्याच कलमात असंही म्हटलं आहे की आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे जन्मदात्यांनी मूल सोडलं असेल, तर ते जाणूनबुजून सोडलं असं धरायचं नाही. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे तत्त्वही त्याच कायद्यात आहे. तेव्हा गावाचं पहिलं काम घराला तो दुसरा हात मिळवून देण्याचं. दारूच्या नशेत पोराला पट्ट्याने मारणारा बाप किंवा पुतणीला हात लावणारा चुलता हे वेगळं प्रकरण आहे. तिथे हळवेपणा नको. त्याचं पुढे येईलच.

पहिली पायरी: यादी, आणि तीही पोरांची

गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायलाच हवी. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. मुख्याध्यापक, आशा, पोलीस पाटील आणि मुलांचे प्रतिनिधी सोबत. बऱ्याच ठिकाणी ती कागदावर असते. ती जागी करायला ऑगस्टमधली एक बैठक पुरते, आणि त्या बैठकीचा एकच विषय ठेवा: यंदा कोण जाणार.

ग्रामपंचायतीकडे ऊसतोड मजुरांची नोंद असते, ग्रामसेवक ओळखपत्रंही देतात. पण त्या यादीत मजूर असतो, मूल नसतं. तुमच्या वहीत रकाने वेगळे हवेत: मुलाचं नाव, वय, इयत्ता, आईबाप कोणत्या मुकादमाच्या टोळीत, कोणत्या कारखान्यावर, निघणार कधी, मूल बरोबर जाणार की मागे राहणार, मागे राहिलं तर नेमकं कुणाकडे, त्या माणसाचा फोन. शेवटच्या रकान्यात अडचण लिहा: आई गरोदर, बाप पितो, आजीला दिसत नाही, मुलगी वयात आलेली, मूल अपंग, बाप वारलेला. ज्या घरापुढे अशा दोन-तीन अडचणी एकदम लागल्या, ते घर आधी.

ही वही सेविकेकडे राहू द्या. चावडीवर वाचून दाखवायची ही गोष्ट नव्हे.

दुसरी पायरी: ओसरीवर बसून बोलणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सर्वेक्षणाचा कागद पुढे धरून विचारलं की माणसं सरकारी उत्तर देतात: "सगळं बरं हाय." कागद पिशवीत ठेवा, चहा घ्या, आधी उसाच्या दराचं, पावसाचं, बैलांचं बोला. मग आईशी वेगळं बोला, कारण नवऱ्यासमोर आणि सासूसमोर ती बरंच गिळते.

"मुलांची काळजी घेता ना?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. नाही कोण म्हणेल? त्यापेक्षा दिवस विचारा. "वहिनी, मागच्या सालाला फडावर सकाळी बाळाला दूध कोण पाजत होतं? तुम्ही मोळ्या वाहत होतात तेव्हा ते कुठं होतं? ताप आला तेव्हा काय केलं? रात्री कोण कुठं झोपायचं?" अशा प्रश्नांतून घर उलगडतं. झोपायच्या जागेचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. पाचटाच्या कोपीला दार नसतं, शेजारच्या कोपीत परक्या टोळीची माणसं असतात, हे आईला ठाऊक असतंच. कुणी विचारत नाही म्हणून ती सांगत नाही.

आईच्या तब्येतीचंही विचारा. पाळीच्या त्रासाने खाडे पडू नयेत म्हणून बीडमधल्या ऊसतोड बायकांनी गर्भाशयं काढून टाकल्याचं २०१९ मध्ये मोठ्या प्रमाणावर पुढे आलं आणि सरकारला समिती नेमावी लागली. जिची कंबर धरलेली आहे, जी अर्धपोटी आहे, तिने संध्याकाळी पोरांशी गोड बोलावं ही अपेक्षा करणं सोपं आहे. निघण्याआधी ग्रामीण रुग्णालयात तिची तपासणी आणि रक्तातलं हिमोग्लोबिन बघून घेणं हे पोराच्याच सुरक्षेचं काम समजा.

बापाशी बोलताना उपदेश टाळा. कष्टाने चेमटलेल्या माणसाला "मारू नका" एवढंच सांगून भागत नाही, मारण्याऐवजी काय करायचं ते सांगावं लागतं. राग आला की कोपीबाहेर जाऊन तोंडावर पाणी मारायचं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, तीही लहान. दिवसभर पोराने एक काम नीट केलं तर ते मोठ्याने बोलून दाखवायचं. रडणाऱ्या तान्ह्याला गदागदा हलवायचं नाही, त्याने मेंदूला इजा होते. सहन होत नसेल तर बाळाला गोधडीवर आडवं ठेवून दोन मिनिटं बाजूला व्हायचं. "मार खाल्ल्याशिवाय वळण लागत नाही" हे वाक्य ऐकावं लागेलच. त्यावर वाद घालू नका, "तुम्हाला लहानपणी कुणी मारलेलं आठवतं का?" एवढंच विचारून थांबा. बहुतेकांना आठवतं. महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. त्यात घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक मुलांना मारणारे खुद्द आईबाप होते.

तिसरी पायरी: मूल कुठं राहणार, हे निघण्याआधी ठरवणं

गाडी भरायच्या आदल्या रात्री घेतलेला निर्णय बहुधा चुकीचा निघतो. पर्याय तीनच आहेत, आणि तिन्हींत काही ना काही उणं आहे.

पहिला, गावात आजी-आजोबांकडे राहणं आणि शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवणं. मूल आपल्या गावात, आपल्या वर्गात राहतं आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची चिंता आजीच्या डोक्यावरून उतरते. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीने मुलांची यादी करून प्रस्ताव वेळेत पाठवायला लागतो. इथेच गाडी अडते: प्रस्ताव उशिरा, मंजुरी त्याहून उशिरा, आणि तोवर पोरं फडावर पोचलेली. पहिल्या पायरीतली यादी ऑगस्टमध्ये तयार असेल तर सप्टेंबरमध्ये गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करता येतो. रात्री मूल कुठे झोपतं यावर मात्र या व्यवस्थेत लक्ष ठेवणारं कुणी नसतं. ते तुम्हाला बघावं लागेल.

दुसरा, निवासी वसतिगृह. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये आली. ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं तीत ठरवली गेली. तुमच्या तालुक्यातलं सुरू आहे का, जागा किती, कोणत्या इयत्तेपासून घेतात, हे समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात जूनमध्येच विचारा. मोठ्या मुलींसाठी मला हा पर्याय सगळ्यात बरा वाटतो. पण तिथेही आधी जाऊन बघा: मुलींच्या वसतिगृहात बाई अधीक्षक मुक्कामी आहे का, तक्रारपेटी कोण उघडतं, संडास-न्हाणीला आतून कडी आहे का. सहा-सात वर्षांच्या लेकराला केवळ सोय म्हणून वसतिगृहात टाकू नये. त्या वयात आजीची कूस जास्त कामाची.

तिसरा, बरोबर नेणं. अंगावर पिणाऱ्या बाळाला दुसरा पर्यायच नाही. पाच-दहा वर्षांच्या मुलांना नेलं जातं ते बहुतेक वेळा धाकट्याला सांभाळायला, वाढे (उसाचे शेंडे) गोळा करायला, पाणी भरायला. आई हे उघड बोलली तर रागावू नका. धाकट्याची दुसरी सोय काय करता येईल ते बघा, मोठीची शाळा आपोआप वाचते. एखाद्या टोळीतल्या चार-पाच बाळांमागे एक आजी किंवा मावशी सांभाळायला नेली आणि तिचं जेवण-मजुरी सगळ्या कोयत्यांनी वाटून उचलली, तर प्रश्न बराच सुटतो. मुकादमाला हे पटतं, कारण बाळापायी होणारे खाडे वाचतात.

चौथी पायरी: आजीचे हात बळकट करणं

मागे राहणाऱ्या पोरांची सगळी व्यवस्था एका सत्तर वर्षांच्या बाईवर उभी असते. गाव तिला गृहीत धरतं. तिच्यासाठी निघण्यापूर्वी एवढं तरी करून ठेवा:

- रेशन. आधार जोडलेलं कार्ड असेल तर देशातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात धान्य मिळतं, आणि ते थोडं इथे, थोडं तिथे असंही उचलता येतं. घरातली किती माणसं कुठे आहेत त्यानुसार वाटा आधी बोलून घ्या. नाहीतर फडावरच्यांनी पूर्ण धान्य उचललं की आजीला दुकानातून हात हलवत परत यावं लागतं. म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटत नाही ही नेहमीची रड. तेही आधीच तपासा.
- कागद. मुलांचे आधार, जन्मदाखला, माता-बाल संरक्षण कार्ड, शाळेचा दाखला, बँकेचं पासबुक एका पिशवीत आजीकडे. बरोबर जाणाऱ्या मुलांच्या कागदांची झेरॉक्स आईकडे.
- दवाखाना. मूल आजारी पडलं तर कोण नेणार, खर्च कोण उचलणार, हे नाव घेऊन ठरवा. आईबापाने सही करून दिलेली चिठ्ठी, "आमच्या गैरहजेरीत अमुक यांना उपचारासाठी संमती देण्याचा अधिकार आहे", मोठ्या दवाखान्यात अडचण कमी करते.
- फोन. आजीला वाजवता येईल असा साधा फोन आणि भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिलेले चार नंबर: आई, सेविका, शाळेतले गुरुजी, १०९८ (मुलांसाठीचा मदत क्रमांक).

फोनबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण यात पैसा लागत नाही. आईबापाने दर काही दिवसांनी केव्हातरी फोन करण्यापेक्षा ठरलेल्या वेळी पाच मिनिटं बोलावं. पोर त्या वेळेला चिकटून राहतं. "जेवलास का? अभ्यास केलास का? आजीला त्रास देऊ नको" या तीन वाक्यांत फोन संपतो, आणि पोर कंटाळून तो आजीकडे देतं. त्याऐवजी "आज शाळेत कुणाशेजारी बसलास? म्हैस व्याली का? रात्री भीती वाटली का?" असं विचारायला आईला शिकवा. महिन्याभरात लेकरू आपणहून सांगायला लागतं. पुढे कुणी त्रास दिला तर ते ज्या वाटेने बाहेर येईल, ती वाट हीच.

पाचवी पायरी: हक्काचा पैसा

नवरा वारलेला, टाकून दिलेली, नवरा तुरुंगात किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेला, अशा घरात एकटी बाई अर्ध्या कोयत्याने जाते किंवा भावाच्या टोळीत राबते. तिथे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वाचे महिना ४,००० रुपये आहेत; त्याला ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत लागतं. कोणती योजना लागू पडते ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. बालसंगोपनाची मंजुरी बालकल्याण समितीकडून येते. फक्त स्थलांतर करतात एवढ्यावर या योजना मिळत नाहीत, तेव्हा सगळ्यांना अर्ज भरायला लावून आशेला लावू नका.

आधारकार्ड, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक आणि फोटो ही नेहमीची कागदपत्रं. मृत्यूची नोंदच केलेली नाही, ही सर्वात मोठी अडचण. नवरा फडावर मेला असेल तर नोंद तिकडच्या गावात असते. उन्हाळ्यातच तिचा माग काढा.

उचलीचं काय? त्याला ग्राम बाल संरक्षण समितीकडे उत्तर नाही. पण बचत गटातून वेळेला पाच-दहा हजार मिळाले तर घर पुढच्या सालाची उचल जूनमध्येच, पडत्या बोलीवर घेत नाही, आणि निघण्याची तारीख थोडी तरी त्यांच्या हातात राहते.

सहावी पायरी: फडावर गेलेल्या मुलांचा धागा सोडायचा नाही

निघताना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवून तिकडच्या जिल्हा परिषद शाळेत मुलाला बसता येतं. कार्ड हरवलं तरी कागदपत्रं नाहीत म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो. प्रश्न असतो तो अंतराचा आणि रोज सकाळी कोपीतून मुलांना शाळेत नेणार कोण याचा. इकडच्या गुरुजींनी तिकडच्या मुख्याध्यापकांना एक फोन केला, "आमची सात पोरं तुमच्या हद्दीत आलीत", की पुष्कळ काम होतं. सेविकेनेही अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर लाभार्थ्याच्या स्थलांतराची नोंद करावी, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत आहार मिळायला अडवणूक होत नाही. लस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळते, कार्ड तेवढं हवं.

तळावर पोचल्यावर पहिल्याच दिवशी आईबापाने करायचं: जवळच्या विहिरीला, शेततळ्याला काठीकुडपाचा का होईना आडोसा, ट्रॅक्टर-ट्रॉली मागे घेताना पोरं कुठे उभी राहतील ती जागा ठरलेली, चूल कोपीच्या बाहेर, आणि न्हाणी-संडासला मुलींनी दोघी-दोघींनी जाणं. मुकादमाला गाव सोडण्यापूर्वी चारचौघांत विचारून घ्या की मूल आजारी असेल त्या दिवशी आईचा खाडा धरणार नाही ना. लेखी देणार नाहीच तो. पण चारचौघांत दिलेल्या शब्दाला गावात अजून थोडी किंमत आहे.

सातवी पायरी: हंगामात दर पंधरवड्याला चक्कर

सेविका आणि आशा गृहभेटी करतातच. त्यात मागे राहिलेल्या मुलांची घरं जोडा. तपासणीला आल्यासारखं जाऊ नका, आजीला मदत करायला जा. बघायचं मात्र नीट. वजन उतरतंय का, केसांत उवा आणि अंगावर खरूज वाढलीय का, शाळेत गैरहजेरी लागोपाठ पडतेय का. हे बहुतेक वेळा आजी थकल्याचं लक्षण असतं. तिथे जेवण, औषध, शेजारणीची मदत द्या.

दुसऱ्या तऱ्हेची लक्षणं वेगळी असतात. आधी बडबडं असलेलं मूल गप्प होणं, अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागणं, एखाद्या माणसाचं नाव निघालं की आक्रसणं, त्या घरी जायला नकार, वयाला न शोभणारं लैंगिक बोलणं किंवा खेळणं, चालताना-बसताना दुखणं, दंडावर-पाठीवर पट्ट्याचे किंवा चटक्याचे वळ, कुठून आली ते सांगता न येणारी नवी वस्तू किंवा पैसे. एका लक्षणावरून निष्कर्ष काढू नका, पण वहीत तारखेसह लिहा.

मुलांना आधीच सांगून ठेवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. शरीराच्या सगळ्या भागांची नावं न लाजता. चड्डीखालच्या जागेला दवाखान्यात आईसमोर सोडून कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, आपल्याला लावायला सांगायचं नाही. "आईला सांगू नको" असं म्हणणाऱ्याचंच आईला सांगायचं. आणि "अनोळखी माणसापासून सावध" यावर थांबू नका. वर सांगितलेल्या अभ्यासात छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आपल्याकडे त्याला काका, मामा, दादा म्हणतात.

आठवी पायरी: लग्नाची कुजबुज

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर. कारण मागासलेपणात शोधण्याआधी हिशेब बघा: वयात आलेली पोर फडावर नेली तर कोपीत धोका, गावात ठेवली तर म्हातारीच्या भरवशावर, आणि लग्न लावलं तर मुलाकडे एक कोयता पुरा होतो. आईबापाला हे संरक्षण वाटतं. म्हणून मुलींच्या वसतिगृहातली जागा, गावातल्या गावात मुलींनी एकत्र अभ्यासाला आणि झोपायला एखादी खात्रीची जागा, आणि शाळेपर्यंतची एसटी, हे बालविवाहावरचे खरे उपाय आहेत.

तरीही सुपारी फुटल्याचं कळलं, तर आधी मुलीच्या घरी दोघा-तिघांनी जा. ज्याचा शब्द ते घर मानतं असा एक जण त्यात हवा. शाळेतून वयाचा पुरावा काढून ठेवा. समजावणीने थांबलं तर उत्तम, पण त्यानंतरही लक्ष ठेवा. लग्न रातोरात दुसऱ्या गावी लावलं जातं. ग्रामीण भागात ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. २००६ च्या कायद्याने मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ लागतं. लग्न लावणाऱ्याला, होऊ देणाऱ्याला, हजर राहणाऱ्यालाही २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम आणता येतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न कायद्याने रद्दबातल ठरतं. मंडपवाला, आचारी, बँडवाला यांना हे आधीच सांगून ठेवलं तर अर्धी लग्नं तिथेच अडकतात.

नववी पायरी: शंका खरी निघाली तर

मूल काही सांगू लागलं तर हातातलं काम ठेवा, त्याच्या उंचीला बसा. "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. मी मदत करते." एवढं पुरे. "तू तिथं गेलीसच कशाला?" हा प्रश्न गिळून टाका. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. खोदून खोदून विचारू नका आणि चार जणांसमोर पुन्हा वदवून घेऊ नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा.

मग फोन. १०९८ चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. धोका आत्ताचा असेल तर ११२. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय असला तरी पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. न कळवणाऱ्या मोठ्या माणसाला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे पंचांनी बसून "गावाची अब्रू" म्हणून मिटवणं हाच गुन्हा. घटना कारखान्याच्या हद्दीत घडली आणि कुटुंब आता बीडमध्ये आहे, तर "तिकडं जा" हे उत्तर ऐकून घेऊ नका. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. तपासणीआधी अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. दवाखाना उपचार नाकारू शकत नाही आणि त्याचे पैसेही घेऊ शकत नाही. भरपाईसाठी मनोधैर्य योजना आहे, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मुलाचं नाव, फोटो, घराची ओळख पटेल असं काहीही व्हॉट्सॲपवर टाकणं हाही गुन्हा.

आईबाप फडावर असतील तर त्यांना बातमी मुकादमाकडून कळता कामा नये. सेविकेने किंवा गुरुजींनी स्वतः फोन करावा, आणि एकाला तरी लगेच परत येता यावं म्हणून गाडीखर्चाची सोय गावाने करावी. अशा वेळी पोराला सगळ्यात जास्त हवी असते ती आई.

दहावी पायरी: एप्रिलमधले पहिले पंधरा दिवस

टोळ्या परतल्या की सगळे लग्नसराईत आणि उचल-फेडीच्या हिशेबात गुंततात. पोरांचं मात्र याच दिवसांत बिनसतं. दोन वर्षांचं लेकरू आईला ओळखत नाही, आजीच्या पदराआड जातं, आणि थकून आलेली आई दुखावते. तिला सांगा की हे चार-आठ दिवसांत सरतं. जबरदस्तीने उचलू नको, आजीच्या शेजारी बस, भरवायला घे. दहा-बारा वर्षांचा पोरगा उलट बोलतो, सहा महिने त्याने स्वतःच्या मनाने काढलेले असतात. बापाने पहिल्याच आठवड्यात पट्टा काढला तर पोरगा दुरावतो. एकमेकांना पुन्हा ओळखायला पंधरा दिवस लागतात, असं दोघांनाही आधीच सांगून ठेवलं तर निम्मी भांडणं टळतात. याच दिवसांत हिशेब चुकता झाला नाही की दारू आणि घरातली मारहाणही वाढते. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आईच्या फोनमध्ये दुसऱ्या नावाने साठवून द्या.

मे महिन्यात समितीने वही पुन्हा उघडावी. कोणतं मूल किती वजन घेऊन गेलं आणि किती घेऊन आलं, कोण शाळेत परतलं नाही, कुठल्या मुकादमाच्या तळावर पोरांचे हाल झाले, कोणत्या आजीला यंदा झेपलं नाही. जी आजी या साली थकली, तिच्याकडे पुढच्या साली पोर ठेवता येणार नाही, आणि त्या घरासाठी वसतिगृहाचा अर्ज जूनमध्येच भरायला घ्यावा लागेल.